मन समाजाचं, मापं कुणाची?

२०२४ साली एप्रिल आणि मे या लागोपाठच्या महिन्यांत दोन माणसं गेली. सुधीर कक्कर यांना इंग्रजी वाचणारा सगळा वर्ग ओळखत होता. भार्गवी दावर पुण्यात राहून काम करत होत्या. मानसिक आरोग्य आणि अपंगांचे हक्क या वर्तुळाबाहेर त्यांचं नाव मराठी वाचकापर्यंत फारसं पोचलं नव्हतं. कक्कर मनोविश्लेषक होते, दावर तत्त्वज्ञानाकडून या विषयात आलेल्या. एकमेकांना पटावं असं दोघांत थोडंच होतं. प्रश्न मात्र एकच होता: आपल्याहून वेगळ्या समाजातल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कळायचं तर कोणती मापं वापरायची, आणि ती ठरवायची कुणी?

या प्रश्नाचा आढावा दिल्ली-मुंबईपेक्षा वर्ध्यात बसून घ्यावा असं मला वाटतं. गांधींमुळे जगभरचे लोक इथे येऊन गेले हे एक कारण आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या विषयातले सगळे धागे या एका जिल्ह्यात हाताला लागतात. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं, गिरडचा दर्गा, धम्मदीक्षेनंतर घडलेला मोठा बौद्ध समाज, आर्वी-कारंजा पट्ट्यातले गोंड, गावकुसाबाहेरचे पारधी बेडे आणि कापसाच्या शेतात आत्महत्या केलेली माणसं, हे सगळं इथे आहे. शिवाय २०१४ ते २०१९ या काळात इथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे कुलगुरू गिरीश्वर मिश्र होते. भारतीय मानसशास्त्रात ‘संस्कृती’ हा विषय ज्यांनी लावून धरला त्यांपैकी ते एक.

फाळणीनंतरची पहिली मोजणी

सुरुवात फाळणीपासून करावी लागते. हिंदू-मुसलमान दंग्यांनी हादरलेल्या नव्या सरकारनं युनेस्कोकडे मदत मागितली आणि १९५० साली गार्डनर मर्फी हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ भारतात आले. अलिगढ, अहमदाबाद, मुंबई, कलकत्ता अशा ठिकाणी भारतीय संशोधकांची पथकं त्यांनी उभी केली. अहमदाबादेत कमला चौधरी होत्या, अलिगढमध्ये पारस राम. त्यातून १९५३ साली ‘इन द माइंड्स ऑफ मेन’ हा ग्रंथ आला. वैर माणसांच्या मनात जन्मतं, तेव्हा मन मोजता आलं की वैरावर उपाय सापडेल, ही त्यामागची श्रद्धा. आज ती भाबडी वाटते. पण शेजारच्या समाजाबद्दल कुणाला काय वाटतं हे घरोघरी जाऊन पद्धतशीरपणे विचारण्याचा इतका मोठा प्रयत्न आपल्याकडे आधी झाला नव्हता, हेही खरं.

त्याच सुमारास दुसरी एक समजूत पसरत होती. भारतीय माणूस गरीब आहे कारण त्याच्यात काही करून दाखवण्याची ईर्ष्या कमी आहे, असं हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या सिद्धांतावरून म्हटलं जाऊ लागलं. साठच्या दशकात त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना ही ईर्ष्या वाढवण्याचं प्रशिक्षणही दिलं. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९६८ साली प्रयोगातून याला उलटा प्रश्न विचारला: साधनंच तुटपुंजी असतील तर ईर्ष्येनं पेटलेली माणसं काय करतील? ती एकमेकांच्या वाट्याचं ओढतात, आणि अशा वेळी सहकार्याची वृत्तीच अधिक कामाला येते, असं त्यांना दिसलं. विहिरीत पाणी किती हे न बघता मोटेच्या बैलाला दोष देण्यातला हा प्रकार होता. बाहेरून आणलेली मापं इथल्या माणसाला उणं ठरवतात हा संशय तेव्हापासून भारतीय मानसशास्त्रात मुरला.

आपली संस्कृती, आपलं मानसशास्त्र

या संशयाला विद्याशाखेचं रूप दिलं ते अलाहाबादच्या दुर्गानंद सिन्हा यांनी. १९२२ साली जन्मलेल्या या माणसानं अलाहाबाद विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग उभा केला, ‘इंडियन व्हिलेजेस इन ट्रान्झिशन’ हे पुस्तक लिहून खेड्यातल्या माणसाच्या आकांक्षांकडे लक्ष वेधलं आणि १९७२ साली हाँगकाँगला सुरू झालेल्या आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपदही भूषवलं. १९९८ साली ते वारले. त्याच्या दोनच वर्षं आधी रमेश मिश्रा आणि कॅनडाचे जॉन बेरी यांच्याबरोबर त्यांनी बिहारातल्या आदिवासींवरचा अभ्यास पुस्तकरूपानं आणला होता. बिरहोर शिकारीवर जगणारे, असुर अर्धे स्थिरावलेले, उरांव शेतकरी. पोट भरण्याची रीत बदलली की बघण्याची, ओळखण्याची, आठवण्याची रीत कशी बदलते, हे तिथे तपासलं. बुद्धी जास्त की कमी, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. ज्या जगण्याला जे लागतं ते त्या मनात तयार होतं, अशी त्यांची मांडणी.

ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध आदिवासी मुलांवर असंच काम केलं. कुई आणि ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुलं एकभाषी मुलांहून अनेक कसोट्यांवर सरस ठरतात, असं त्यांना आढळलं. घरची भाषा हे आदिवासी मुलाच्या पायातलं लोढणं आहे, या शाळामास्तरी समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनं मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला होता; मोहंतींचा पुरावा त्याला कित्येक दशकांनी मिळाला, आणि तोही वेगळ्याच वाटेनं.

गिरीश्वर मिश्र याच परंपरेतले. दीर्घकाळच्या वंचनेचा मनावर होणारा परिणाम हा त्यांचा सुरुवातीचा विषय. पुढे केनेथ गर्गन यांच्याबरोबर १९९३ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी म्हटलं की मानसशास्त्रात संस्कृती हा तोंडी लावण्याचा पदार्थ नव्हे. ज्ञान घडतं तेच संस्कृतीच्या आत. भारतीय मानसशास्त्रातल्या संशोधनाच्या आढाव्याचे जाडजूड खंडही त्यांनी संपादित केले. वर्ध्याला असा कुलगुरू लाभला याची जिल्ह्यात चर्चा प्रशासकीय बाबींपुरतीच झाली, ही थोडी गंमतच.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आनंद परांजपे यांचं नाव घ्यायलाच हवं. पुणे विद्यापीठातून ते गेले कॅनडात, मधे हार्वर्डला मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्याबरोबर काम केलं. ‘कास्ट, प्रेज्युडिस अँड द इंडिव्हिज्युअल’ हे त्यांचं १९७० सालचं पुस्तक जातीच्या पूर्वग्रहाकडे मानसशास्त्रातून पाहणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही पुस्तकांत मोडतं. नंतर १९७५ साली त्यांनी मराठी तरुणांच्या अस्मितेच्या शोधावर लिहिलं आणि मग ते वेदान्त, योग आणि पाश्चात्त्य ‘स्व’ यांच्या तुलनेत रमले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. पण हा प्रवास बोलका आहे. जातीपासून निघालेली वाट उपनिषदांपाशी पोचली, आणि ती एकट्या परांजपेंची राहिली नाही. देशी मानसशास्त्राच्या नावानं पुढे जे उभं राहिलं त्याचा मोठा भाग संस्कृत ग्रंथांवर उभा आहे. या धारेचे समर्थक म्हणतात की हजारो वर्षं मनाचा विचार करणारी परंपरा घरात असताना उसनवारी कशाला? टीकाकार विचारतात, त्या ग्रंथांनी ज्यांना दाराबाहेर उभं केलं, त्यांचं मन त्यातून कसं कळणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि एकमेकांना उत्तर न देता ते शेजारी शेजारी पडून आहेत.

१९७८ सालची दोन बालपणं

कक्कर यांचं ‘द इनर वर्ल्ड’ १९७८ साली आलं. अहमदाबादेत १९६४ साली त्यांची एरिक्सनशी गाठ पडली होती. एरिक्सन तेव्हा गांधींवरच्या पुस्तकाची जुळवाजुळव करत होते. अभियंता आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेले कक्कर त्या भेटीनं मनोविश्लेषणाकडे वळले. ‘द इनर वर्ल्ड’मध्ये त्यांनी हिंदू बालपणाचा नकाशा काढला: आईच्या कुशीतली लांबलेली, लाडावलेली वर्षं, मग चार-पाच वर्षांच्या मुलाला अचानक पुरुषांच्या जगात ढकललं जाणं, आणि त्या ताटातुटीची आयुष्यभर पुरणारी हुरहुर. देवीच्या कथा, कृष्णाचं बालपण, एकत्र कुटुंब, सगळं त्यांनी त्या सूत्रात गुंफलं.

त्याच वर्षी मराठीत दया पवारांचं ‘बलुतं’ प्रसिद्ध झालं. तेही एका भारतीय बालपणाबद्दलच आहे. गावातला महारवाडा, मुंबईतला कावाखाना, अपमानाची सवय, आणि शिकल्यानंतरही पाठ न सोडणारी लाज. या मुलाला जग ज्या रीतीनं भेटतं, त्याला कक्करांच्या नकाशात जागा नाही. आईची माया दोन्हीकडे आहे, पण बाहेरचं जग मुलाला कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत सांगतं की तू कोण आहेस, इथे वाटा फुटतात. ही दोन पुस्तकं एकत्र ठेवून शिकवली गेली असती तर भारतीय मानसशास्त्राचं बरंच भलं झालं असतं. ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘कोल्हाट्याचं पोर’ ही पुढची रांग पाहिली तर मराठीत वंचित समाजांच्या मनाची नोंद मानसशास्त्रज्ञांनी नव्हे, आत्मकथनकारांनी ठेवली असंच म्हणावं लागतं.

कक्करांवर अन्याय होऊ नये म्हणून पुढचंही सांगायला हवं. ‘शमन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स’ या १९८२ सालच्या पुस्तकासाठी ते पीर-फकिरांपाशी, बालाजीच्या देवळात, वैद्यांकडे जाऊन बसले. त्या उपचारांची टर न उडवता त्यांतलं तर्कशास्त्र त्यांनी शोधलं. १९९० च्या हैदराबाद दंगलीनंतर ते जुन्या शहरातल्या पारदीवाड्यातले पारदी आणि कारवान भागातले मुसलमान, दोघांशी बोलले. हाणामारीत पुढे असलेल्या पैलवानांनाही त्यांनी बोलतं केलं. ‘द कलर्स ऑफ व्हायोलन्स’ त्यातून उभं राहिलं. धार्मिक ओळख लहानपणीच स्वतःच्या ओळखीत विणली जाते, म्हणून धोका वाटताच शहाणी माणसंही ‘आम्ही’ होऊन बसतात, असा त्यांचा निष्कर्ष. विचारवंत आशिस नंदी यांचा रोख निराळा: परंपरेतली श्रद्धा शेजाऱ्याला सामावून घेते, आधुनिक राजकारणानं तिची विचारधारा केली तेव्हा घात झाला. मन आधी की राजकारण आधी, यावर दोघांचे वाचक आजही विभागलेले आहेत. कक्करांच्या मातृकेंद्री सूत्रावर स्टॅन्ली कर्ट्झ यांनी १९९२ साली घेतलेला आक्षेपही महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य घराचा साचा मनात ठेवून एकत्र कुटुंबातल्या मुलाकडे पाहिलं की एकीऐवजी अनेक आयांच्या हाती वाढण्याचा अर्थच हरवतो, असं ते म्हणाले.

वेगळेपण की वागणूक

तिसरी भूमिका अलीकडे बळावली आहे. ती म्हणते, अल्पसंख्य आणि दलित-आदिवासींच्या मनाचा अभ्यास करताना त्यांच्या संस्कृतीकडे फार बघू नका. त्यांना मिळणाऱ्या वागणुकीकडे बघा. याची मुळं बाबासाहेबांपर्यंत जातात. जात ही विटामातीची भिंत नाही, मनाची अवस्था आहे, अशा अर्थाचं त्यांनी १९३६ सालीच मांडलं होतं. पुरावा मात्र अर्थशास्त्रज्ञांनी जमवला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नव्हती तोवर दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. सगळ्यांदेखत नाव आणि जात पुकारल्यावर ती मागे पडली. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आणि मुसलमान नावांना प्रतिसाद कमी आला. आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी २०२० साली, महाराष्ट्रासह सहा राज्यांच्या पाहणीच्या आधारे दाखवलं की दलित आणि मुसलमान उच्चजातीय हिंदूंपेक्षा जास्त उदासी आणि चिंता सांगतात, आणि शिक्षण व मालमत्ता समान धरली तरी तो फरक पुरता मिटत नाही.

लंडनमध्ये काम करणारे मनोविकारतज्ज्ञ सुश्रुत जाधव यांनी हा प्रश्न दवाखान्यात आणला. रुग्णाची जात केसपेपरवर येत नाही, पण ती खोलीत असतेच, डॉक्टरचीही असते. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या मृत्यूंनंतर विद्यापीठांतल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या समुपदेशनाबद्दल जी चर्चा झाली, तिला या मांडणीमुळे शब्द मिळाले.

या भूमिकेवरचा आक्षेपही नोंदवायला हवा, आणि तो वंचित समाजांतूनच येतो. माणसाला केवळ जखमेपुरतं पाहिलं तर त्याचा आनंद, त्याचा विनोद, त्याची भजनं, त्याची बंडखोरी कुठे जाते? वर्ध्याच्या वस्त्यांतला बौद्ध माणूस भीमजयंतीला जो असतो तो कुठल्याही दुःखमापनाच्या प्रश्नावलीत सापडत नाही. धर्मांतरानं मनाला काय दिलं यावर समाजशास्त्रात आणि इतिहासात भरपूर लिहिलं गेलं. मानसशास्त्रानं त्याकडे आश्चर्य वाटावं इतकं दुर्लक्ष केलं.

गिरड, ताजबाग आणि ओपीडी

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी, सगळे तिथे जातात. कुणी नवस फेडायला, कुणी घरातल्या बिथरलेल्या माणसाला घेऊन. नागपूरच्या ताजबागेची कथा तर याहून विलक्षण. तिथे ज्यांचा दर्गा आहे त्या ताजुद्दीनबाबांना १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, १९०८ साली रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आणलं, आणि इस्पितळानं वेडा ठरवलेल्या त्याच माणसाच्या पायाशी लोक मन बरं व्हावं म्हणून जाऊ लागले.

भार्गवी दावर यांचं काम इथे येऊन भिडतं. त्यांच्या आईनं मनोरुग्णालयांचे अनुभव घेतले होते. तिच्याच नावानं १९९९ साली त्यांनी पुण्यात बापू ट्रस्ट उभारला. मधुरा लोहोकरे यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. घरातली मारझोड, परित्याग, गरिबी यांनी मोडलेल्या बायका तिथे येतात. तिथे त्यांचं बोलणं ऐकलं जातं, अंगात येण्याला शिक्षा होत नाही, इतर बायकांची सोबत मिळते. त्याला उपचार का म्हणू नये, असा त्यांचा सवाल होता. तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहिलेल्या ३१ जणांवर रघुराम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, २००२ साली, लक्षणं सुमारे वीस टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं होतं. अर्थात तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठी इमारत बांधता येत नाही.

दुसरी बाजू तितकीच जड आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ जण जळून मेले. विदर्भात श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि राज्यभर नरेंद्र दाभोलकरांची समिती यांनी भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण वर्षानुवर्षं उघडी पाडली. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हा कायदा दर्ग्यात किंवा देवळात जाण्याला हात लावत नाही, छळाला लावतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही साखळीनं बांधायला मनाई करतो. कायद्यांनी आखलेली ही रेघ दावर यांनाही मान्य होण्यासारखी होती. त्यांचा वाद पुढचा होता. साखळी काढल्यानंतर माणसाला इस्पितळातच न्यायचं का? गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एका आवारात ठेवण्याचा प्रयोग झाला. मुजावर माणसाला डॉक्टरकडे पाठवतात, डॉक्टर त्याला दर्गा सोडायला सांगत नाहीत. तडजोड म्हणून ती उपयोगी दिसते. पण त्यात शेवटी दर्गा ओपीडीचा वाटाड्या होऊन बसतो, अशी दावर यांच्या बाजूची शंका. आणि दर्ग्याला सरकारी शिक्का मिळतो, अशी विवेकवाद्यांची.

कापसाच्या जिल्ह्यातला हिशेब

शेतकरी आत्महत्यांनी हे सगळे वाद वर्ध्याच्या दारात आणून ठेवले. सेवाग्रामचे आणि नंतर सावंगीचे मनोविकारतज्ज्ञ प्रकाश बेहेरे यांनी भिसे यांच्याबरोबर २००९ साली शेतकरी आत्महत्या वेगवेगळ्या संस्कृतींत कशा दिसतात याचा आढावा घेतला. २०१२ साली अमोल डोंगरे आणि प्रदीप देशमुख यांनी वेगळं केलं: तयार प्रश्नावली बाजूला ठेवून गावकऱ्यांनाच कारणांची यादी करायला आणि ती प्रतवारीनं लावायला सांगितलं. कर्ज, व्यसन, नापिकी, मिळणारा भाव, घरच्या जबाबदाऱ्या, सावकार, सरकारची उदासीनता, सगळं त्या यादीत एकमेकांत गुंतलेलं होतं. नैराश्य ‘की’ अर्थकारण, हा वर्तमानपत्री वाद गावानं घातलाच नाही. इथे आलेल्या सगळ्या अभ्यासांत मला हा छोटा अभ्यास पद्धतीच्या दृष्टीनं सर्वांत शहाणा वाटतो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरून नैराश्यावर मदत पोचवली. मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प वर्ध्यासह १४ जिल्ह्यांत आशाताईंमार्फत घरोघर पोचण्यासाठी आखलेला आहे. स्थानिक माणसानं, स्थानिक भाषेत बोलावं, हे तत्त्व आता वादाचं उरलेलं नाही. वादाचं आहे ते पुढचं: पारधी बेड्यावर कोण जाणार? १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ साली कागदावर मुक्त झालेल्या या समाजाला दारात येणाऱ्या सरकारी माणसाची एकच ओळख आहे. तिथे आशाताईच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेल का, हे कुठल्याही प्रशिक्षणपुस्तिकेतून कळत नाही.

मोजणीचा पेच तर उघडाच आहे. निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग आत्महत्यांचे आकडे व्यवसाय, वय, शिक्षण, कारण यांनुसार छापतो, जात किंवा जमातीनुसार नाही. आणि जिल्हा समिती शेतकऱ्याच्या आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरवते ते जमिनीची आणि कर्जाची कागदपत्रं पाहून. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई, पट्टा न मिळालेला गोंड, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा दलित मजूर आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही असा पारधी या कागदांवर टिकत नाहीत. सिन्हा-मिश्र धारेला यांची संस्कृती हवी आहे, जाधव-गुप्ता धारेला यांना मिळालेली वागणूक, दावर यांच्या धारेला यांनी शोधलेला आसरा. तिघांनाही ज्या माणसांपासून सुरुवात करायची आहे, ती अजून यादीतच आलेली नाहीत.